शालूबाईंच्या फरशीचा ढाळ

शालूबाई घसरून पडल्या त्या आपल्याच स्वयंपाकघरात, आणि तेही हातात आमटीचं पातेलं असताना. पातेलं त्यांनी सोडलं नाही. कोपर खरचटलं, कंबरेत कळ आली, पण निम्म्याहून जास्त आमटी वाचली. बाहेर जेवायला बसलेली पोरंपोरी धावत आत आली, तेव्हा त्या पातेलं मांडीशी धरून खालीच बसल्या होत्या.

"काय न्हाय झालं. बसा जावा पानावर. वाढतो की."

पडायला कारण फरशीच होती. घर बांधलं तेव्हाची शहाबादी. शेगडीपुढं ती खचलेली, दाराजवळ फुगलेली. ओटा धुतला की पाणी मोरीकडं जायचं सोडून शेगडीच्या पुढ्यात डबकं करून बसायचं. तो खळगा शालूबाईंना पाठ होता. डोक्यावर टोपलं असलं तरी त्यांचा पाय बरोबर त्याच्या पलीकडं पडायचा. त्या दिवशी तेवढा पडला नाही, कारण ध्यान भलतीकडं होतं.

ध्यान होतं निशिगंधाकडं. पडायच्या आधी मिनिटभर बाहेरून तेजस्वीचा आवाज आला होता. तेजस्वी म्हणजे गारगोटीकडची उंच, काटक पोरगी, पोलीस भरतीची तयारी करणारी. एका बैठकीला तीन भाकरी खायची म्हणून शालूबाईंची सगळ्यात लाडकी. ती शेजारणीला सांगत होती, "आक्कांनी किचनला काय फरशी घातलीया गं! आरसाच. मी काल मैत्रिणीसंगं गेलतो तितं."

आक्का! शालूबाईंच्या घरात जिला सहा वर्षं 'निशे' म्हणून हाक मारली, ती आता पोरांची आक्का झाली होती.

शालूबाईंची खानावळ राजारामपुरीत, क्लासेसच्या पाट्या संपून राहती घरं सुरू होतात तिथं. खानावळीला नाव नाही की पाटी नाही. पोरं 'मावशीकडं' म्हणतात. नवरा सयाजी शहर बसवर ड्रायव्हर होता. त्याच्या गाडीचा कंडक्टर एकटा राहायचा आणि सयाजीच्या डब्यातलं निम्मं जेवण खायचा, म्हणून शालूबाईंनी दोन डबे द्यायला सुरुवात केली. दोनाचे चार झाले, चाराचे दहा. मग परीक्षांच्या तयारीला आलेली खेड्यापाड्यातली पोरं यायला लागली आणि पुढच्या खोलीत पंगत बसायला लागली. आपल्या हातचं खाऊन कुणी तलाठी झालं, कुणी फौजदार झालं, हे शालूबाई पावण्यारावळ्यांत अशा सांगायच्या, की अभ्यासाचा त्यात काही वाटाच नसावा.

निशिगंधा त्यांच्याकडं भाकऱ्या थापायला आली तेव्हा तिला धड पीठ मळता येत नव्हतं. जोतिबाच्या डोंगराखालच्या गावची. नवरा रिक्षा चालवायचा, घर भाड्याचं. शालूबाईंनी तिला भाकरी शिकवली, कांदालसणाचं चटणीतिखट शिकवलं, पांढरा रस्सा फुटू न देता कसा उकळायचा ते शिकवलं. आपली मुलगी लग्न करून पुण्याला गेली आणि तिला स्वयंपाकाचा कंटाळा, त्यामुळं हाताची विद्या कुणाला तरी द्यावी असं त्यांना वाटायचं. दिली. आणि मग एक दिवस निशिगंधा म्हणाली, "मावशी, पलीकडच्या गल्लीत गाळा मिळालाय. मी माझं चालू करावं म्हणतो."

"कर की," शालूबाई म्हणाल्या होत्या. आणि त्या दिवसापासून त्या गल्लीनं जायचं त्यांनी सोडलं. भाजीला जाताना लांबचा वळसा घ्यायच्या.

आता पडल्यावर सयाजी म्हणाला, "फरशी बदलूया. हाड मोडलं असतं म्हंजे?"

शालूबाई एरवी खर्चाला 'बघू' म्हणणाऱ्या. त्या दिवशी लगेच म्हणाल्या, "बदलूया. आणि तिच्यापेक्षा चकचकीत."

"कुणापेक्षा?"

"कुणापेक्षा न्हाय. चकचकीत म्हणलं."

शाहूपुरीतल्या दुकानात जाऊन त्यांनी टाईल निवडली ती मोत्याच्या रंगाची, आत सोनेरी रेघा असलेली. दुकानदार म्हणाला, ही हॉलला घालतात, स्वयंपाकघराला जरा खरखरीत घ्या, पाय ठरेल. शालूबाईंनी विचारलं, "पलीकडच्या गल्लीतल्या खानावळीला कसली नेलीया?" दुकानदाराला ठाऊक नव्हतं. "मग हीच द्या," त्या म्हणाल्या.

फरशीवाला मिस्त्री सयाजीनं आणला. शहजाद त्याचं नाव. चाळिशीचा, हळू बोलणारा. त्यानं आल्या आल्या काही मोजलं नाही. तांब्याभर पाणी मागितलं आणि दाराशी ओतलं. पाणी शेगडीपुढं जाऊन थांबलं. मग त्यानं पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक सयाजीच्या हातात दिलं, आणि नळीतलं पाणी जिथं ठरेल तिथं भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा करत चारी कोपरे फिरला. खुणांपासून फरशीपर्यंत पट्टी लावली तेव्हा दाराजवळ आणि शेगडीजवळ चार बोटांचा फरक निघाला.

"मावशी, वरनं घालून चालणार न्हाय हे," तो म्हणाला. "फरशी काढायची, खालची माती बघायची, मुरूम भरून चोपायचा, मग सिमेंटचा कोबा, मग टाईल. कोबा नीट वाळू दिला पायजे. आक्कांच्यात बी असंच होतं."

शालूबाईंच्या हातातला तांब्या जागीच थांबला. "कुठल्या आक्का?"

"पलीकडच्या गल्लीतल्या खानावळवाल्या. त्यांची फरशी मीच केली की."

मागं सयाजी छताकडं बघायला लागला. हे त्याला माहीत होतं, हे शालूबाईंना तेव्हाच कळलं.

"त्यांनी किती दिस चूल बंद ठेवली?"

"झाले असतील दहाबारा. आक्का काय घाई करत न्हाईत. मिस्त्री, तुमच्या मनासारखं झालं का सांगा, मगच मी शेगडी आणतो, असं म्हणायच्या."

शहजाद बिचारा सरळ मनाचा होता. आपण कुठं मीठ चोळतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. पुढं काम सुरू झालं तसं त्याच्या तोंडून दिवसातनं दहादा आक्का यायची. आक्कांनी मोरी जरा खाली घ्यायला सांगितली, आक्कांनी कामावरच्यांना रोज दोनदा चहा दिला. शालूबाईंनी मग तीनदा चहा द्यायला सुरुवात केली, वर चहात बुडवायला बटर.

खरा प्रश्न पंगतीचा होता. चूल बंद म्हणजे पोरं जेवणार कुठं? शालूबाईंनी पुढच्या खोलीत एक शेगडी मांडून बघितली. एका शेगडीवर भात होईपर्यंत आमटी गार, आणि सगळीकडं सिमेंटची धूळ. पहिल्याच दुपारी भात खाली लागला, वर कच्चा राहिला. कुणी तक्रार केली नाही. पोरं गप्प बसून कच्चा भात चावत राहिली, आणि तेच शालूबाईंच्या जिवाला लागलं.

संध्याकाळी सयाजी बाहेरून आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "मी निशिगंधाला सांगून आलोय. काम होईस्तोवर पोरं तिच्याकडं जेवतील."

शालूबाईंचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला. "मला इचारलंसा? कुणाला इचारून गेलतासा? उद्या घर बी तिलाच लिहून द्या!"

"पोरांनी काय खावं मग? तुझा राग?"

दुसऱ्या दिवशी पोरं गेली.

पहिले दोन दिवस शालूबाईंनी घर आवरण्यात काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना एकदम आठवलं, की लिंबं संपली आहेत. लिंबवाला कोपऱ्यावरच बसतो. तरी त्या पलीकडच्या गल्लीनं गेल्या.

निशिगंधाच्या गाळ्याचं दार उघडं होतं. आत पोरांची रांग बसली होती. त्यांची पोरं. पलीकडं स्वयंपाकघर दिसत होतं आणि तिथली फरशी खरंच दुधासारखी होती. त्यावरून निशिगंधा अनवाणी, भराभर, खाली न बघता चालत होती. शालूबाईंना आयुष्यात कधी आपल्या स्वयंपाकघरात असं खाली न बघता चालता आलं नव्हतं. तेजस्वी काहीतरी बोलली आणि सगळी पंगत हसली. निशिगंधाही हसली आणि तिनं तेजस्वीच्या ताटात, तिनं न मागता, आणखी एक भाकरी टाकली.

अगदी शालूबाई टाकायच्या तशी. डाव्या हातानं, वरून, 'खा गपगुमान' म्हणत.

लिंबं न घेताच त्या परत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस्वी मैदानावरून पळून परत जाताना दारात थांबली. काम कुठवर आलं ते बघायला. शालूबाईंनी तिला पाणी दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "जेवाण कसं असतंय गं तिकडं?"

तेजस्वीला वाटलं, मावशीला आपली काळजी लागून राहिली असेल. तिला धीर द्यावा म्हणून ती म्हणाली, "काय काळजी करू नगा मावशी. तुमच्यासारखंच हाय की! डोळं झाकून खाल्लं तर कळणार न्हाय."

वाईट आहे म्हणाली असती तर शालूबाईंना दया आली असती. फार चांगलं आहे म्हणाली असती तर चार शिव्या हासडून मोकळ्या झाल्या असत्या. पण तुमच्यासारखंच? मग आपली गरज काय उरली? वीस वर्षांत त्यांना कधी भीती वाटली नव्हती तशी भीती वाटली. पोरांना तिथली सवय लागायच्या आत चूल पेटायला पाहिजे होती.

त्यांनी शहजादला गाठलं. त्यानं फरशी काढली होती आणि खाली त्याला जे वाटलं होतं तेच निघालं होतं. मोरीचा पाईप झिरपून शेगडीखालची माती चिखल झाली होती. पाईप दुरुस्त करून, चिखल काढून त्यानं मुरूम भरला होता आणि पाणी मारून चोपला होता.

"उद्या टाईल बसवा," शालूबाई म्हणाल्या.

"उद्या?" शहजाद हसला. "मावशी, हा कोपरा अजून ओला हाय. भराव बसू दे. मी मिरजेला भाचीच्या लग्नाला निघालोय. आलो की परत एकदा चोपतो, ढाळ काढून कोबा घालतो. तवर हितं जड काय ठेवू नगा."

"आणि मी काय करू तवर?"

"इसावा घ्या की. कवा घेतलाय तुम्ही?"

शहजाद मिरजेला गेला. त्याच दिवशी शालूबाई मजूर उभे राहतात त्या चौकात गेल्या आणि एक मिस्त्री घेऊन आल्या. सयाजी मित्राच्या आजारपणाला गावी गेला होता, अडवायला कुणी नव्हतं. मिस्त्री चटपटीत होता. आत डोकावून म्हणाला, "एवढंच व्हय? मसाला जाड घालतो, सगळं लेव्हलीत येतंय. कोबा कशाला?"

हेच ऐकायचं होतं. त्यानं ओल्या भरावावर वाळू-सिमेंट पसरलं, दोरी धरली आणि भराभर टाईल मारत सुटला. सयाजी परत आला तेव्हा स्वयंपाकघर मोत्यासारखं चमकत होतं आणि शालूबाई शेगडी पुसत होत्या.

"शहजाद आला व्हय लग्नाहून?" त्यानं विचारलं.

"न्हाय. दुसरा घातला."

सयाजी खाली बसला. टाईलीवर बोटांनी वाजवलं. फक्त एवढंच म्हणाला, "त्याला काय सांगायचं ते तूच सांग."

पोरं परत आली. सगळी आली. शालूबाईंनी त्या दिवशी शेवग्याच्या शेंगांची आमटी केली, शेंगदाण्याची पोळी केली. तेजस्वी फरशी बघून म्हणाली, "मावशी, ही तर आक्कांच्यापेक्षा भारी!" आणि शालूबाईंना वाटलं, पडल्याचं सार्थक झालं.

पण जिंकल्यावर ज्याला हरवलं त्यानं ते बघायला नको का? पोरांनी सांगून भागत नव्हतं. रविवारी संध्याकाळी दोन्ही खानावळींना सुट्टी असते. शालूबाईंनी सयाजीकडून निरोप धाडला, माझी पोरं सांभाळलीस, जेवायला ये म्हणून. बरेच महिने त्या घराची पायरी न चढलेली निशिगंधा नवं लुगडं नेसून, हातात खणनारळ घेऊन आली.

"लई छान झालंय मावशी," ती आत शिरताच म्हणाली. मनापासून म्हणाली. पण दोनचार पावलं चालल्यावर शेगडीपाशी तिची चाल जरा मंदावली. अनवाणी टाच तिनं एकदा दाबून बघितली आणि नजर वर केली नाही. शालूबाईंनी ते पाहिलं. जळतीया, त्यांनी मनात म्हटलं.

मटण झालं होतं, तांबडा झाला होता, पांढऱ्याची मोठी हंडी खाली फरशीवर ठेवलेल्या गॅसच्या भट्टीवर रटरटत होती. शालूबाईंनी झाकण काढून पळी घातली, आणि खालून टक् असा आवाज आला. काय झालं ते कळायच्या आत भट्टीचा एक पाय टाईलीत खचला आणि हंडी कलली. शालूबाई जागच्या जागी थिजल्या. निशिगंधानं झेप घेतली, पदरानं हंडीचा काठ धरला आणि ती सरळ केली. पण बराच रस्सा सांडला होता. तो मोरीकडं गेला नाही. सोनेरी रेघांवरून वाहत वाहत शेगडीपुढं गेला आणि तिथं त्याचं डबकं झालं. ज्या जागी वीस वर्षं डबकं व्हायचं, बरोबर त्याच जागी.

सयाजी गॅस बंद करून बाहेर गेला. निशिगंधानं फडकं घेतलं, नवं लुगडं खोचलं आणि खाली बसून पुसायला लागली. पुसायची, पिळायची, पुन्हा पुसायची.

"बोल की आता," शालूबाई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"मनात हसतीयास ते तोंडानं हास. सांग जा पोरांस्नी. मावशीची फरशी खचली म्हणून."

निशिगंधा थांबली. फडकं तिच्या हातात तसंच होतं. "मावशी, मी कशाला हसू? मी खानावळ काढली त्या दिवशी तुम्हाला बोलवायला आलतो. तुम्ही खिडकीतनं बघितलंसा आणि दार उघडलं न्हाईसा. पयलं ताट मी तुमच्या नावानं वाढून ठेवलेलं. दुपार टळली तवा मीच खाल्लं, रडत रडत. तवापासनं तुम्ही एकदा बी म्हणाला न्हाईसा, की निशे, तुला जमलं म्हणून."

शालूबाईंना ती दुपार आठवली. खिडकीतून दिसलेलं तिचं हळदीकुंकवाचं ताट आठवलं. आपण कडीला हात लावला होता हेही आठवलं.

"जमलं की तुला," त्या म्हणाल्या. "लई जमलं. तेच तर बोचतंय मला. पोरगी म्हणती, डोळं झाकलं तर कळत न्हाय म्हणून."

निशिगंधाला हे अनपेक्षित होतं. ती खुदकन हसली. शालूबाईंना काही हसू आलं नाही. पण त्यांनी दुसरं फडकं घेतलं आणि त्याही खाली बसल्या.

शहजाद मिरजेहून आला. त्यानं टाईलींवर चमच्याची दांडी वाजवत सगळी खोली पालथी घातली. निम्म्या टाईली पोकळ वाजल्या.

"कुणी केलं हे?"

"पावणं हुतं कोणतरी," शालूबाई खाली मान घालून म्हणाल्या.

त्यानं पुन्हा सगळं उकरलं. ज्या टाईली अख्ख्या निघाल्या त्या पाण्यात घालून ठेवल्या, फुटल्या त्यांच्या जागी शाहूपुरीहून दुसऱ्या आणायला सांगितल्या. सोनेरी रेघांचा माल संपला होता. शेगडीपुढं साध्या, खरखरीत राखाडी टाईलींचा पट्टा येणार, हे शालूबाईंना मान्य करावं लागलं.

पोरं पुन्हा पलीकडच्या गल्लीत गेली. ह्या वेळी निशिगंधाची भाकरीवाली बाई जत्रेला गावी गेलेली, आणि दोन खानावळींचं माणूस एका चुलीवर. निशिगंधा दारात येऊन म्हणाली, "मावशी, दोन हात कमी पडायल्यात. येतासा?"

"मी? तुझ्याकडं भाकरी थापाय?"

"मी न्हाय का थापल्या तुमच्याकडं?"

शालूबाई आपली परात घेऊन गेल्या. तिची परात वापरणार नाही, असं त्यांनी सयाजीला दोनदा सांगितलं.

निशिगंधाच्या फरशीवर पहिलं पाऊल टाकलं तेव्हा पाय आपोआप उचलून पलीकडं पडला, नसलेला खळगा चुकवायला. मग हळूहळू त्यांना सवय झाली. वर्षानुवर्षं ठणकणारा गुडघा दुखायचा थांबला. त्याचाही त्यांना राग आला. हिचा गुडघा तर अजून दुखायलाही लागलेला नाही, आणि हिला आतापासूनच अशी फरशी!

त्या असं काही थापायच्या, की भाकरीचा पापुद्रा कागदासारखा सुटावा. पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "आज भाकरी कुणी केलीया?" निशिगंधानं आतूनच मोठ्यानं सांगितलं, "माझ्या मावशीनं!" शालूबाईंची मान ताठ झाली. पण लगेच तेजस्वीचा आवाज आला, "आक्का, आमटी वाढा की, लई झक्कास झालीया." मान पुन्हा होती तिथं आली. रोज असंच चालायचं. भाकरीला कोण वाहवा म्हणतं आणि आमटीला कोण, याच्यावर शालूबाईंचे कान लागलेले असायचे. निशिगंधाच्या ते ध्यानात आलं होतं. आमटी वाढताना ती म्हणायची, "भाकरी कशी झालीया ते सांगा की रं."

काही गोष्टी शालूबाईंनी तिथं पहिल्यांदाच बघितल्या. नवी आलेली, लाजणारी पोरगी असली की निशिगंधा तिला दाराकडं पाठ करून बसवायची. उपासाला साबुदाण्याऐवजी वरी करायची, साबुदाण्यानं पोरांना अभ्यासात झोप येते म्हणून. हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं. ते तिचं तिनंच बसवलं होतं, आणि ते बरं होतं. एकदा घरी येऊन त्या सयाजीला म्हणाल्या, "वरीचं चांगलं करतीय हां ती." आणि मग, घास गिळून, "मीठ जरा जास्त पडतंय."

कोबा वाळला. शहजादनं ह्या वेळी तांब्यानं पाणी ओतलं तेव्हा ते दाराशी घुटमळलं, राखाडी पट्ट्यावरून सरळ गेलं आणि मोरीत उतरलं. शालूबाईंनी स्वतः तीनदा ओतून बघितलं.

पोरं परत आली, पण या वेळी सगळी नाही. तिघंजण पलीकडंच राहिले आणि त्यांत तेजस्वी होती. तिनं येऊन तोंडावर सांगितलं. पोरगी सरळ होती. "मावशी, मैदानावरनं आलो की मला लगेच भूक लागती. आक्का सकाळी लवकर भाकरी देतात. तुमच्यात उशीर होतोय."

"मी बी दिली असती की लवकर."

"तुम्हाला त्रास कशाला म्हणलं."

"त्रास मला कळतोय का तुला?"

ती गेली. त्यानंतर ती रस्त्यात दिसली की शालूबाई दुसरीकडं बघायच्या. निशिगंधाशी मात्र येणंजाणं सुरू झालं. सणावाराला त्या एकमेकींकडं चटणीची बरणी धाडायच्या, आणि शालूबाई आलेली बरणी उघडून बोटानं चाखायच्या, डोळे मिटून, कुठं काही कमी निघतंय का ते बघत.

पुढं भरतीचा निकाल लागला. तेजस्वी शिपाई म्हणून निवडली गेली. संध्याकाळी ती पेढ्यांचा पुडा घेऊन शालूबाईंच्या दारात आली, वाकून पाया पडली. शालूबाईंना भरून आलं. पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, एक पेढा आपल्या तोंडात घातला. आणि तो विरघळायच्या आधीच विचारलं, "हिकडं याच्या आधी कुठं गेलतीस?"

तेजस्वी हुशार होती. "आधी अंबाबाईला, मावशी."

"ते बरोबर हाय. आणि तिथनं?"

तेजस्वी फरशीकडं बघायला लागली. शालूबाईंनी पेढा गिळला आणि म्हणाल्या, "बस. भाकरी टाकतो. तिकडं जेवली असलीस तरी बस."

तेजस्वी बसली. दोन भाकरी खाल्ल्या. तिसरीला नको म्हणाली, तेव्हा शालूबाईंनी ती डाव्या हातानं, वरून, तिच्या ताटात टाकली.